सगळ्यात आधी बघणारा

३ फेब्रुवारी

क्लासच्या बाई म्हणाल्या, रोज वहीत लिहा. फोनवर काय टाकलं, किती वाजता टाकलं, किती जणांनी पाहिलं, म्हणजे रीच. महिन्याने वही उघडली की आपली चूक आपल्यालाच सापडते म्हणे. बाई सव्वीस-सत्तावीसच्या असतील, मी एकसष्टचा. त्यांनी मला ‘सर’ म्हटलं आणि पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. चाळीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या माणसाला प्लॅस्टिकवर बसवून धंदा वाढवायला शिकवतात. दोन तास बसलो, पाठ धरली.

पण जाणं भाग होतं. वर्कशॉपमध्ये सध्या दोनच खुर्च्या आहेत आणि त्यातली एक आमच्याच घरची. बैठक फाटली की लोक खुर्चीच टाकून देतात. ती पुन्हा विणून मिळते हे कुणाच्या गावीही नाही. शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "काका, तुम्ही दिसतच नाही कुठे." मी म्हटलं, "दिवसातून चारदा तुझ्या दुकानापुढून जातो." तो म्हणाला, "तसं नाही हो. फोनवर."

अकाउंट उघडायचा हट्ट मात्र हिचा. एरवी फोन वाजला तरी दुसऱ्या खोलीतून मला हाक मारणारी बाई, पण गेला महिनाभर पाठ सोडली नाही. "उघडा तर खरं. कुणीही बघेल. कुठूनही बघेल." मी म्हटलं, कुठूनही बघून काय उपयोग, खुर्ची उचलून इथवर आणायला नको का?

आज : खुर्चीचा फोटो, सकाळी दहा वाजता. आठ जणांनी पाहिला. त्यातला एक मी.

५ फेब्रुवारी

विणण्याचे दोन फोटो. नऊ जण.

बाई म्हणतात, तुमच्या कामात काय खास आहे ते सांगा. आता काय सांगू? वेत भिजवायचा, चौकटीच्या भोकांतून ओवायचा, सहा फेऱ्या. उभी, आडवी, पुन्हा उभी, मग चौथीत खालून-वरून, मग दोन तिरप्या. प्रत्येक पट्टीची चकचकीत बाजू वर आली पाहिजे, नाहीतर बैठक लवकर तुटते. पट्टी उलटी गेली तर साध्या माणसाला जन्मात कळत नाही. त्यासाठी नजर बसावी लागते.

हे काम मी दोघांनाच शिकवलं. एक ही. कडा बांधायचं काम अजून तीच करते, आणि माझ्यापेक्षा चांगलं करते, तोंडावर कधी बोललो नाही एवढंच. दुसऱ्याचं नाव या घरात निघत नाही. चार वर्षं झाली. यंत्रावर विणलेली तयार जाळी घेऊन आला होता. म्हणे एका दिवसात पाच खुर्च्या होतील, बाबा. ती जाळी मी बसल्या जागेवरून रस्त्यावर भिरकावली आणि म्हटलं, जाळीच चिकटवायची तर दुसरीकडे जाऊन चिकटव. तो खरंच गेला. नंबरही बदलला. असो. ही वही रीचसाठी आहे.

९ फेब्रुवारी

चष्मेवाल्याने तीन दिवसांपूर्वी स्टोरी टाकायला शिकवली. एक दिवस राहते आणि जाते. कुणी पाहिली तेही कळतं. आज मी दुपारी एक वाजता टाकली. एक वाजून दोन मिनिटांनी पहिला बघणारा हजर. नाव नाही, फोटो नाही. चार इंग्रजी अक्षरं, त्यांच्यामागे आकड्यांची रांग आणि फोटोच्या जागी करडं वर्तुळ. काल, परवाही सगळ्यात आधी हाच होता, असं चष्मेवाल्याने दाखवलं.

हिला गंमत म्हणून सांगितलं. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"रोज एकलाच?"

"मी टाकतो तेव्हा. सकाळी टाकलं तरी बघतो एकच्या सुमाराला."

"तेव्हा जेवणाची सुट्टी असते," ती म्हणाली.

"कुणाची?"

"कुणाचीही."

आता तिचं म्हणणं, रोज एकलाच टाकायचं. मी म्हटलं, बाई तर संध्याकाळी सात सांगतात. "बाईंना काय कळतंय," म्हणाली आणि मी वेत भिजवतो ती बादली पुसत बसली. बादली कशाला पुसायची?

१४ फेब्रुवारी

एकतीस! आजवरचा उच्चांक. व्हिडिओत हिचे हात होते, कड बांधताना. आधी तयार नव्हती, मग आपणहून साबणाने हात धुऊन आली. तोंड दाखवायला मात्र नाही म्हणाली. "हात पुरे. हात ओळखू येतात."

चष्मेवाल्याने कुत्र्याला चष्मा घातला. चार हजार जणांनी पाहिला. कुत्रा त्याचा नाहीच, रस्त्यावरचा आहे.

१७ फेब्रुवारी

बाईंचा धडा : पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे. म्हणून आज "थांबा!" असं ओरडून सुरुवात केली. सात जणांनी पाहिलं. ही म्हणाली, "ओरडायची काय गरज होती? तुमच्या ओरडण्याने कोण थांबलंय आजवर?" काय खोचून बोलते कधी कधी.

२० फेब्रुवारी

अकरा.

२१ फेब्रुवारी

नऊ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. ज्यांना खुर्ची नको त्यांना खुर्चीचा व्हिडिओ कशाला हवा? आकडे-अक्षरंवाला मात्र एक वाजून एक मिनिटाला आला होता. बिनकामाचा माणूस दिसतो.

२६ फेब्रुवारी

पहिली कमेंट आली! पण कसली!

चौथ्या फेरीचा व्हिडिओ टाकला होता. अर्ध्या तासात त्या आकडेवाल्याने खाली लिहिलं : ‘डावीकडून सहावी पट्टी उलटी गेली आहे. चमक खाली आहे.’

ना नमस्कार, ना चमत्कार. चार लोकांत माझी अक्कल काढतो! माझी! डोक्यात तिडीक गेली. फोनवर एवढं बारीक दिसतं म्हणजे माणूस धंद्यातलाच हवा, आणि या धंद्यात आता मी सोडून उरला आहे एकच, पुलापलीकडचा खुर्चीवाला. आधी माझी गिऱ्हाइकं पळवली, आता खोट्या नावाने पाळत ठेवतो आहे. रोज एक वाजता! तरीच.

२७ फेब्रुवारी

वर्कशॉप उघडल्याबरोबर आधी ती खुर्ची उजेडात धरली. डावीकडून सहावी. उलटीच होती. कॅमेऱ्याकडे बघत विणलं की असंच होणार. तिथपर्यंतचं सगळं उसवलं.

खरं तर हिलाही राग यायला हवा होता. तिने ती कमेंट मला तीनदा वाचायला लावली आणि तिन्ही वेळा हसली. या घरात इतक्यात कुणी असं हसलेलं मला आठवत नाही.

"पुलापलीकडच्याची बाजू घेतेस?" मी विचारलं.

"बरोबर असेल त्याला बरोबर म्हणावं माणसाने. उत्तर द्या ना त्याला. आभार माना."

"आभार? त्यापेक्षा माझाच जोडा माझ्या डोक्यात घालायला सांगतो त्याला!"

"एवढंच लिहा, चूक होती म्हणून."

लिहिलं नाही. मरेपर्यंत लिहिणार नाही.

३ मार्च

आजचा क्लास कामाचा झाला. विषय होता, रीच का पडतो. बाई म्हणाल्या, खोटे आणि मेलेले फॉलोअर असतील तर पेज वर येत नाही. ते नुसते चिकटून असतात, लाईक करत नाहीत, कुणाला पाठवत नाहीत, त्यामुळे आपलं काम कुणाला आवडत नाही असा समज होतो. साफसफाई करा. मी हात वर करून विचारलं, "एक जण रोज बघतो, पण नाव नाही, फोटो नाही, लाईक नाही. उलट चुका काढतो." बाई म्हणाल्या, "सर, तोच तर! आधी त्याला काढा. नुसता काढू नका, ब्लॉक करा. नाहीतर परत येतात."

ही आज बहिणीकडे गेली होती. दुपारभर बसून एकेकाला उडवलं. बिननावाचे, बिनफोटोचे, एकूण चौदा. आकडेवाल्याला शेवटी ठेवला होता. त्याच्यावर बोट दाबताना खरं सांगतो, फार बरं वाटलं. पुलापलीकडे म्हणावं, आता बस भिंगातून बघत.

४ मार्च

एक वाजता स्टोरी टाकली. ही ताट वाढता वाढता दर मिनिटाला विचारत होती, "कुणी पाहिली?" मी म्हटलं चौघांनी. "तो?" मग मी साफसफाईचं सांगितलं. चौदा जण उडवले म्हणून.

हातातला डाव तसाच धरून उभी राहिली. मग म्हणाली, डोकं दुखतंय. जेवली नाही. हल्ली ऊन फार असतं आणि ही डोक्यावर काही न घेता बाहेर पडते.

८ मार्च

सहा. सहा! साफसफाईनंतर वाढायला हवं होतं. बाई म्हणतात, धीर धरा.

ही वर्कशॉपमध्ये येत नाही. दोन खुर्च्यांच्या कडा बांधायच्या राहिल्या आहेत. विचारलं तर म्हणते, हात दुखतात. डोकं झालं, आता हात. डॉक्टरकडे चल म्हटलं तर माझ्याकडे अशी बघते की मीच काही केलं आहे.

११ मार्च

आज ती बोलली. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

मी बाईंच्या सांगण्यावरून खुर्चीला फुलांची माळ गुंडाळून फोटो काढत होतो. ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हे बंद करा आता."

"का? तुझाच तर हट्ट होता."

"ज्याच्यासाठी होता त्याला तुम्ही काढलंत."

मी म्हटलं, काय बोलतेस?

"पुलापलीकडच्याला पट्टी उलटी कळते? अहो, तो यंत्राची जाळी चिकटवतो. तुम्हीच हसता ना त्याला? चमक खाली गेली हे फोनवर बघून सांगणारा या जगात कोण आहे? कुणाला शिकवलंत तुम्ही?"

मी खाली बसलो. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर, ज्यावर मी कधी बसत नाही.

"तू आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी काढलं असतंत. नाव काढायचं नाही म्हणालात ना? मी नाही काढलं." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "महिनाभर रोज येत होता हो. जेवणाच्या सुट्टीत. बोलत नव्हता, पण येत होता. आणि बोलला तेव्हा तुमच्या भल्याचंच बोलला. दुसऱ्याच दिवशी तुम्ही दार लावलंत."

"पाच दिवसांनी," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"त्याला वाटलं असेल, बाबांनी ओळखलं. ओळखलं आणि पुन्हा काढलं."

१२ मार्च

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. सकाळी चष्मेवाला यायचीही वाट पाहिली नाही. ब्लॉक केलेल्यांची यादी उघडली आणि चौदाच्या चौदा एका दमात मोकळे केले. वाटलं, झालं, दार उघडलं.

चष्मेवाला आल्यावर म्हणाला, "काका, मोकळं केलं म्हणजे तो परत येतो असं नाही. त्याला कळतसुद्धा नाही. तुम्हीच त्याला शोधून निरोप धाडा. नाव काय होतं?"

नाव! यादीतून मोकळं केल्यावर नावही यादीतून गेलं. त्याची कमेंटही ब्लॉक केलं तेव्हाच गेली होती. चार अक्षरं आणि आकडे. ही वही पहिल्या पानापासून चाळली. रोजचा रीच लिहिला आहे, वेळ लिहिली आहे, कुत्र्याला किती जणांनी पाहिलं तेसुद्धा लिहिलं आहे. नाव नाही लिहिलं. हिला दोन अक्षरं आठवतात, पण ती म्हणते तीही नक्की नाहीत. दोघं मिळून दुपारपर्यंत अक्षरं-आकडे घालून बघत होतो. कुणा कुणा परक्या लोकांचे फोटो येत होते. एक लग्नातला, एक मोटारसायकलवरचा.

क्लासच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "सर, एक फॉलोअर गेल्याने काही फरक पडत नाही."

१३ मार्च

काही टाकलं नाही.

१६ मार्च

ही म्हणते, कॅमेऱ्यासमोर बसा आणि सांगा, ये म्हणून. पेज सगळ्यांना दिसतं, त्यालाही कधीतरी दिसेल. मी म्हटलं, तू सांग. तर म्हणाली, "मी बोलावलं तर आईनेच बोलावलं म्हणेल. मी कुठे घालवलं होतं? ज्याने घालवलं त्याने बोलवायचं."

मग बसलो. फोन पुस्तकांच्या चळतीवर टेकवला. लाल ठिपका लागला. तोंडातून निघालं, "नमस्कार मंडळी, आज आपण तिरपी फेरी बघू."

१९ मार्च

तीन दिवसांत अकरा वेळा बसलो. अकराही वेळा वेताबद्दल बोललो. एकदा ‘चूक माझी’ इथपर्यंत आलो आणि पुढे म्हणालो, ‘माझी होती, वेत नीट भिजला नव्हता.’ ही आत ऐकत होती. भांडी आपटायचा आवाज आला. चार वर्षांपूर्वी एका वाक्याला किती वेळ लागला होता? खुर्चीवरून उठलोही नव्हतो मी तेव्हा.

मला माझ्या मुलाची आठवण येते. लिहिता येतं आहे. बोलता येत नाही.

२४ मार्च

आज न बोलता विणलं. आमच्या घरचीच खुर्ची घेतली, चौथी फेरी. आणि मुद्दाम पट्टी उलटी घातली. एक नाही, तीन घातल्या, डावीकडून सहावी, सातवी, आठवी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा जाणून चुकीचं विणलं. बोटं ऐकत नव्हती, आपोआप चमक वर करत होती. दोनदा काढून पुन्हा उलटी घालावी लागली.

विणून झाल्यावर फोन बंद करायचं भान राहिलं नाही. तसाच त्याच्याकडे बघत बसलो. ही आत येऊन बंद करेपर्यंत चालू होता. एवढा शेवट कापून टाकू का, चष्मेवाल्याने विचारलं. ही म्हणाली, राहू द्या.

दुपारी एक वाजता टाकलं. बाई एकदा म्हणाल्या होत्या, चूक दाखवायला लोक धावत येतात. त्यांचं एवढं तरी खरं ठरो.

२५ मार्च

दोनशे चाळीस. कधी नाही ते.

२६ मार्च

सकाळी अकरा हजार होते, आत्ता अठ्ठावीस हजार आहेत. चष्मेवाला दुकान उघडं टाकून धावत आला. बाईंचा फोन आला, "सर, तुम्ही फुटलात!" म्हणजे सगळीकडे पसरलात, चांगल्या अर्थाने म्हणाल्या. लोकांना माझं शेवटचं बघणं आवडलं आहे. ‘काकांच्या डोळ्यांत समाधान बघा’ असं कुणीतरी लिहिलं आहे आणि त्याला नऊशे जणांनी मान डोलावली आहे.

दारात चार खुर्च्या येऊन पडल्या. एक माणूस दोन तास गाडी चालवून आला होता.

२८ मार्च

एक लाख ओलांडले. बाई म्हणतात, पुढच्या क्लासला तुम्हीच बोला, विषय ‘रीच कसा वाढवला’. मी नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. पुलापलीकडच्यानेही कमेंट केली, स्वतःच्या नावाने, फोटोसकट : ‘वा उस्ताद! एक नंबर काम.’

२९ मार्च

कमेंटी दोन हजार सहाशे झाल्या आहेत. ही आणि मी वाटून घेतल्या. ती वरून वाचते, चष्मेवाल्याने तिच्या फोनवर लावून दिल्या आहेत. मी खालून. सकाळपासून बसलो आहोत, खुर्च्या तशाच पडल्या आहेत. ती प्रत्येक नाव मोठ्याने वाचते आणि थांबते, मग पुढे जाते. अक्षरं आणि आकडे असलेली नावं मी समजत होतो त्यापेक्षा फार निघाली. त्यातल्या एकाने लिहिलं होतं, ‘एक चूक दिसली.’ ही उठून उभीच राहिली. पुढे होतं, ‘कॅमेरा थोडा वर धरायला हवा होता.’

सुंदर. अप्रतिम. जुनं ते सोनं. हात की जादू. काका, आमच्याकडे याल का? दिव्य. निर्दोष काम, असं तर कितीतरी जणांनी लिहिलं आहे.

एक वाजता तिने मान वर केली आणि घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा वाचायला लागली. आत्तापर्यंत दोघांच्या मिळून तेराशे झाल्या. सगळ्यांना खुर्ची आवडली आहे.